हिरवा ठिपका

मुंजीच्या पंगतीत, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, मागच्या महिन्यात तर दाताच्या डॉक्टरांनीही विचारलं, "घरून खरंच काम होतं का हो? तुम्ही मॅनेजर आहात, खरं सांगा." इतकी वर्षं मी "माणसावर अवलंबून असतं" म्हणून विषय संपवत आले. ते पळपुटं उत्तर आहे. आता एकदा नीट सांगते.

होतं. पुरावा हवा असेल तर कोरोनाच्या कितीतरी आधीचा आहे. सीट्रिप या चिनी ट्रॅव्हल कंपनीने शांघायच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने प्रयोग केला. घरून काम करायला तयार असलेल्यांपैकी ज्यांची जन्मतारीख सम, ते आठवड्यातले चार दिवस घरी, विषमवाले ऑफिसात. घरून काम करणाऱ्यांचं काम 13 टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडणं निम्म्यावर आलं. वाढ मुख्यतः कशातून आली? ब्रेक आणि आजारपणाच्या सुट्ट्या कमी झाल्या, म्हणजे त्याच शिफ्टमध्ये जास्त मिनिटं काम झालं. मात्र तेवढंच चांगलं काम करूनही घरून काम करणाऱ्यांना बढती कमी मिळाली. हे मला कुणी विचारत नाही, आणि मला तेच सांगायचंय.

2021 मध्ये माझ्या सपोर्ट टीममध्ये एक मुलगी कराडजवळच्या गावातून काम करायची. अप्रेझल आलं. टीममध्ये सगळ्यात जास्त तिकिटं, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी, तिने बंद केली होती, शीट माझ्यासमोरच होतं. पण रोज साडेदहा ते बारा तिचा ठिपका पिवळा असायचा. पाच मिनिटं कीबोर्ड-माऊसला हात लागला नाही की ऑफिसच्या चॅटमध्ये नावाशेजारचा हिरवा ठिपका पिवळा होतो. त्या दिवसांत मी तिकिटांपेक्षा तो ठिपकाच जास्त बघत होते. मी लिहिलं, "उपलब्धता कमी." रेटिंग एका पायरीने खाली आलं.

रेटिंग सांगायला कॉल लावला. मागे कुणीतरी कण्हत होतं, मग बादली सरकवल्याचा आवाज. तिने म्यूट केलं, परत आली आणि शांतपणे म्हणाली, "मॅम, मी फेब्रुवारीत सांगितलं होतं." बाबांना अर्धांगवायू झालेला. सकाळी त्यांची आंघोळ, व्यायाम, खाणं तिच्याकडे, म्हणून ती पहाटे पाचला लॉगिन करायची. मी चॅट वर सरकवत गेले. फेब्रुवारीतला तिचा मेसेज होता, तीन ओळींचा. खाली माझं उत्तर: "ओके, नो प्रॉब्लेम." अंगठासुद्धा टाकला होता.

मी एचआरकडे गेले. रेटिंग लॉक झालं होतं. खरं तर मी एकदाच विचारलं आणि "आता होत नाही" म्हटल्यावर गप्प बसले. दोन महिन्यांनी तिने राजीनामा दिला. मी माफीचा लांब मेसेज पाठवला. दोन निळ्या टिका दिसल्या, उत्तर आलं नाही. तिने उत्तर द्यावं अशी अपेक्षा तरी मी कशाच्या जोरावर करत होते?

तेव्हाची मी अजून वाद घालते. म्हणते, वरून दर शुक्रवारी कोण किती वेळ ऑनलाइन होतं याची यादी मागत होते, पंधरा माणसं होती, कुणाकुणाचं घर लक्षात ठेवणार? खरंय, मागत होते. पण तिकिटांचा आकडा त्याच शीटवर, शेजारच्याच रकान्यात होता.

म्हणून मी घरून कामाची कट्टर बाजू घेते असं तुम्हाला वाटेल, तर तसंही नाही. त्याच वर्षी कॉलेजातून थेट आमच्याकडे आलेला एक मुलगा एका एररवर तीन दिवस अडून बसला. विचारायला संकोचला. शेजारी कुणी बसलेलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. त्याचा ठिपका तिन्ही दिवस हिरवा होता. नवीन मुलांनी पहिलं वर्ष तरी ऑफिसला यावं असं मी म्हणते, आणि हिंजवडीच्या रस्त्यावर दिवसाचे तीन तास घालवणाऱ्या मुलांना हे सांगताना मलाच बरं वाटत नाही. सीट्रिपमध्येही प्रयोग संपल्यावर घरून काम करणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक ऑफिसात परतले. घरी एकटं वाटतं, हे त्यांचं एक मोठं कारण होतं.

आता आमच्याकडे तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घर. गेल्या महिन्यात एकाने विचारलं, घरच्या दोन दिवशी सहाला लॉगिन करून अकरा ते एक सुट्टी घेऊ का? आईचं डायलिसिस असतं. मी हो म्हटलं, आणि या वेळी टीमच्या कॅलेंडरवर सगळ्यांना दिसेल असं लिहूनही ठेवलं. दुसऱ्याच आठवड्यात साडेअकराला क्लायंटचा तातडीचा फोन आला. तो नव्हता. फोन मी घेतला, निस्तरलं. पण फोन ठेवताना मला त्याचा राग आला होता, अगदी तसाच, 2021 सारखा.