११८ वजा १२१ बरोबर २५३

मुंबईत हिंदमाताजवळ राहणाऱ्याला पावसाळ्यात एकच प्रश्न असतो, खाली पाणी भरलं का. मी जुना मोबाईल खिडकीच्या ग्रिलला बांधून ठेवलाय, दर पाच मिनिटांनी तो गल्लीचा फोटो काढतो आणि पायथनची एक छोटी स्क्रिप्ट कोरड्या रस्त्याच्या फोटोशी तो ताडून बघते. प्रत्येक पिक्सेलच्या, म्हणजे फोटोतल्या ठिपक्याच्या, उजेडाच्या आकड्यांची साधी वजाबाकी. फरक ३० च्या वर गेला की पिक्सेल बदलला असं धरायचं.

पहिल्याच दिवशी ऊन जरा ढगाआड गेलं आणि स्क्रिप्ट बोंबलायला लागली की गल्ली बुडाली. खाली पोरं क्रिकेट खेळत होती.

थ्रेशोल्ड, म्हणजे ती ३० ची मर्यादा, वाढवला, फोटोला ब्लर मारून म्हणजे धूसर करून बघितला, लेन्स पुसली, दीड तास गेला. शेवटी एकच पिक्सेल धरला, वडापावच्या गाडीसमोरचा. आधी १२१, आता ११८. उत्तर यायला हवं वजा ३, आणि स्क्रीनवर २५३!

मग ट्यूब पेटली. फोटो यूइंट८ या आकड्यांच्या प्रकारात येतो, म्हणजे ० ते २५५, ऋण आकड्याला जागाच नाही, आणि नमपाय ही पायथनची आकडेमोडीची लायब्ररी अशा वेळी ओरडत नाही, गुपचूप २५६ मिळवून मोकळी होते. लोकल शेवटच्या चर्चगेटच्या पुढे नेली आणि एकदम दुसऱ्या टोकाला विरारला निघाली, असला प्रकार. मी शहाणपणा करून बाहेरून अ‍ॅब्स लावलं, म्हणजे वजाचं चिन्ह काढून टाकणारं फंक्शन, पण २५३ चं अ‍ॅब्स २५३च ना. मग इंट१६ केलं, ज्यात ऋण आकडेही बसतात, तेही वजाबाकी झाल्यावर, म्हणजे बैल गेला नि झोपा केला. दोन्ही फोटो वजाबाकीच्या *आधी* इंट१६ केले तेव्हा कुठे वजा ३ दिसला.

मधे ओपनसीव्ही या फोटोंवर काम करणाऱ्या लायब्ररीचं सबट्रॅक्टपण वापरून बघितलं होतं. ते गाडी बफरला थांबवतं, ० च्या खाली जातच नाही. पण ओला रस्ता कोरड्यापेक्षा काळा दिसतो, त्यामुळे नव्यातून जुना वजा केला की तिथे सगळीकडे ०, पाणी गायब. आता सरळ चिन्हाशिवाय फरक देणारं अ‍ॅब्सडिफ वापरतो. मॅटलॅब हे गणिताचं सॉफ्टवेअर वापरणारा मित्र म्हणतो आमच्याकडे असं होत नाही बाबा, अरे होत नाही कारण तुमचं यूइंट८ पण ० आणि २५५ लाच थांबतं, तुझा फरकसुद्धा अर्धा गायबच होत असणार.

बेरजेतही तेच. बॅकग्राउंडसाठी, म्हणजे ज्याच्याशी ताडायचं त्या फोटोसाठी, दहा फोटोंची सरासरी काढली, १२१ दहा वेळा म्हणजे १२१०, पण यूइंट८ मध्ये उरले १८६, भागिले दहा १८.६, भरदुपारी गल्लीत मध्यरात्र. फ्लोट३२ मध्ये, म्हणजे दशांश आकड्यांत, बेरीज केली तर आकडे बरोबर आले आणि ओपनसीव्हीच्या फोटो दाखवणाऱ्या इमशोने सगळा फोटो पांढराफटक दाखवला, कारण फ्लोट असेल तर त्याला ० ते १ हवं असतं, १ च्या वरचं सगळं पांढरं. म्हणजे दाखवताना २५५ ने भागायचं, नाहीतर राउंड आणि क्लिप करून, म्हणजे पूर्णांक करून आणि ० ते २५५ च्या बाहेरचं छाटून, परत यूइंट८. राउंड विसरलात तर १२०.९ चे १२० होतात, क्लिप विसरलात तर परत विरार.

आता दिवसा बरं चाललंय. रात्री मात्र टॅक्सीच्या हेडलाइटखालचा रस्ता कॅमेऱ्यातूनच २५५ येतो, कोरडा असो की ओला, तिथे इंट१६ काय नि फ्लोट काय. तेवढ्यापुरतं आईला विचारतो, ती ग्रिलमधून वाकून बघते आणि सांगते, "घोट्यापर्यंत आहे, चप्पल घालून जा."