मोबाइलमुळेच ना हो, मॅडम?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं रोजच कुणी ना कुणी विचारतं. मूल खुर्चीत बसायच्या आत प्रश्न येतो, "मॅडम, हा बोलत नाही. मोबाइलमुळेच ना हो?" विचारतात बहुधा आजी, आणि बघतात सुनेकडे.

मी वाचा-उपचार करते, म्हणजे लोकांच्या भाषेत 'स्पीचवाल्या मॅडम'. माझं पहिलं उत्तर ठरलेलं असतं. आधी कान तपासून आणा.

ते कुणाला रुचत नाही. "अहो, थाळी वाजवली की वळून बघतो की!" थाळी वाजवली तर शेजारचेही वळून बघतील. बोलणं त्याहून कितीतरी हळू असतं, आणि त्यातला 'स' तर नुसती फुंकर. थोडं कमी ऐकणाऱ्या मुलाला थाळी कळते, दाराची बेल कळते. 'सात' म्हणालात की 'हात', ते कळत नाही. ओएई आणि बेरा या ऐकण्याच्या तपासण्यांत मुलानं काही सांगायची गरजच नसते, बेरा तर झोपेत करतात. जन्मल्यावर महिन्याभरात प्राथमिक तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार सुरू, असा खरा दंडक आहे. माझ्याकडे मूल येतं अडीच-तीन वर्षांचं. मधला काळ "बापही उशिराच बोलला होता" यात गेलेला असतो, आणि हल्ली मोबाइलला बोल लावण्यात.

एक मुलगा आठवतो. आवाज पूर्ण वाढवून फोन कानाशी धरायचा. घरच्यांना ते व्यसन वाटलं. दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साचलं होतं.

'व्हर्च्युअल ऑटिझम', म्हणजे मोबाइल बघून बघून मूल स्वमग्न झाल्यासारखं वागतं, हा शब्दही आता आयांच्या तोंडी आला आहे. असं अधिकृत निदान नाही. फोन बंद करून सहा महिने वाट बघायची, आणि मूल खरंच स्वमग्न असेल तर ते सहा महिने गेले. याची मला फार चीड येते.

मग कान चांगले निघाले की मोबाइल निर्दोष सुटला का? नाही. अशीही मुलं येतात, जी 'येलो', 'ट्रँगल' म्हणतात, वीसपर्यंत आकडे म्हणतात, आणि तहान लागली की आईचा हात धरून माठापाशी ओढत नेतात. 'पाणी दे' येत नाही. शब्द आहेत, पण ते कुणाला उद्देशून म्हणायचे असतात हेच ठाऊक नाही. मोबाइलचा पडदा बोलतो, उत्तरासाठी थांबत मात्र नाही.

२००३ साली अमेरिकेत संशोधक पॅट्रिशिया कुल यांनी नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. बाई समोर बसून खेळत बोलल्या, तेव्हा बारा बैठकांत बाळांना त्या भाषेतले बारीक ध्वनिभेद ओळखता येऊ लागले. तेच बोलणं टीव्हीवरून ऐकवलं, तर काही नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की दोन वर्षांखाली पडदा नकोच, पाचपर्यंत फार तर एक तास. त्यात नात्यातल्यांच्या व्हिडिओ कॉलला सूट आहे, आणि ती मला पटते. मस्कतहून बाबा "कुठंय माझं पिल्लू?" विचारतो आणि उत्तराची वाट बघतो.

फोन हिसकावून घ्या असं मी म्हणत नाही. आधी विचारते, तो हातात जातो कधी? संध्याकाळी सहा ते आठ, सहा माणसांचा स्वयंपाक एकटीच्या अंगावर असताना. त्या वेळात मुलापाशी दुसरं कोण असतं? इथे आजी गप्प होतात. मग त्यांनाच काम देते. मटार सोलायला त्याला शेजारी घ्या. "उघड" म्हणा आणि मनात पाच आकडे मोजा. मोठ्यांना पाच आकडे थांबणं काय जड जातं! तीनलाच आपण त्याच्या वतीनं बोलून मोकळे.

तो कानाशी फोन धरणारा मुलगा? शस्त्रक्रिया करून कानांच्या पडद्यांत बारीक नळ्या बसवल्या. परवा आला, तेव्हा आजींचा फोन खणखणला. त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि आजींकडे बघून म्हणाला, "मोठ्ठा. नको."