ढबू, सोफा आणि क्रेट: जरा सविस्तर सांगते

कुत्रं घरात एकटं राहिलं की फर्निचर खातंय, मग क्रेट (म्हणजे कुत्र्याला घरात ठेवायचा गजांचा पिंजरा) घेऊ का, असं आजकाल मला बरेच जण विचारतात. आमच्या ढबूनं सोफ्याचं काय केलं ते अख्ख्या गल्लीला माहितीय आणि आता तोच ढबू आम्ही बाहेर गेलो की क्रेटमध्ये पाय पसरून झोपतो हेही माहितीय, त्यामुळं विचारणारच. तर माझं उत्तर असं, की घ्या, जरूर घ्या, पण क्रेटचं दार लावणं हे त्यातलं सगळ्यात शेवटचं काम आहे आणि बहुतेक लोक सुरुवातच तिथनं करतात. आणलं, आत ढकललं, कडी लावली, ड्युटीला गेले. मग कुत्रं केकाटतं, गज चावतं, कधीकधी दात तुटतात, आणि लोक म्हणतात क्रेट काय उपयोगाचं नाही.

ढबू आमचा गावठी, कोल्हापुरात कळंबा रोडला सापडलेला, अंगानं गोलमटोल म्हणून ढबू. आमच्याकडं आला तेव्हा चांगला मोठा झालेला होता, म्हणजे दात येतायत म्हणून चावतोय असं काही नव्हतं. पिल्लाचं वेगळं असतं. पिल्लाला आधी 28 दुधाचे दात असतात, साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत 42 पक्के दात येतात, त्या काळात हिरड्या शिवशिवतात आणि ते दिसेल ते चावतंच. त्याला चावायला योग्य वस्तू द्यायची, चपला वर ठेवायच्या आणि धीर धरायचा, एवढंच. पण मोठं कुत्रं फक्त तुम्ही नसतानाच चावत असेल तर थांबा आणि आधी बघा की ते नक्की काय चावतंय आणि कधी.

आमच्याकडं सोफ्याचा एक हात फोमसकट गेला होता आणि सगळ्यांचं लक्ष तिकडंच. पण कुत्र्याच्या डॉक्टरांनी फोटो बघताना सोफा बाजूला ठेवला आणि विचारलं, दाराचा फोटो आहे का? मेन दाराची चौकट खालून वीतभर उंचीपर्यंत सोलली होती, लाकडाचे तंतू बाहेर आलेले, खाली उंबऱ्याजवळ फरशीवर लाळ वाळून पांढरट डाग पडलेला. डॉक्टर म्हणाले हे कंटाळ्याचं चावणं वाटत नाही, हे घाबरलंय. मग त्यांच्या सांगण्यावरून जुना मोबाईल शोकेसवर उभा करून व्हिडिओ चालू ठेवून आम्ही बाहेर पडलो. तुम्हीपण क्रेटवर रुपया घालायच्या आधी हे एक करा, फुकटातलं आहे आणि यातनं सगळं कळतं. कंटाळलेलं कुत्रं आधी मस्त झोप काढतं, मग उठून आळस देतं, इकडंतिकडं फिरतं आणि मग काहीतरी तोंडात धरतं. घाबरलेलं कुत्रं तुम्ही जिना उतरेपर्यंतच दाराशी येतं, धापा टाकतं, येरझाऱ्या घालतं, रडतं, आणि पहिल्या अर्ध्या तासातच चौकट नाहीतर खिडकी धरतं. ढबू दुसऱ्यातला. सोफा त्यानं खाल्ला तो आमच्या बसायच्या जागेचा, आमचा वास जिथं जास्त तिथलाच.

आणि हो, ‘राग काढतोय’, ‘मुद्दाम करतोय’, ‘बघा कसं तोंड पाडून बसलंय, माहितीय त्याला’ हे जे म्हणतात ना, ते मनातनं काढून टाका. अलेक्झांड्रा होरोविट्झ म्हणून अमेरिकेतल्या संशोधक आहेत, त्यांनी 2009 मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. कुत्र्याचा तो अपराधी चेहरा त्यानं खरंच काही केलंय का यावर ठरत नव्हता, मालक रागावला की तो चेहरा जास्त दिसत होता, काही न केलेल्या कुत्र्यांचासुद्धा. म्हणजे ते आपल्या आवाजाला घाबरलेलं असतं. संध्याकाळी येऊन सकाळच्या सोफ्याबद्दल ओरडलं तर त्याला एवढंच कळतं, की ही माणसं जातात तेव्हाही वाईट होतं आणि येतात तेव्हाही.

आता क्रेट. आमच्या आईंनी (सासूबाई) नाव ऐकूनच विरोध केला, म्हणाल्या, “एवढ्याशा जिवाला पिंजऱ्यात कोंडणार व्हय गं? ते काय वाघ हाय?” आणि त्यांचं म्हणणं मला बिनबुडाचं अजिबात वाटत नाही. स्वीडन आणि फिनलंडमध्ये घरात कुत्र्याला बंद क्रेटमध्ये ठेवायला कायद्यानंच मनाई आहे, प्रवास वगैरे सोडून. आपल्याकडंही 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये हालचाल करता येणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात जनावर ठेवणं आणि कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला फिरायला न नेणं, दोन्ही गुन्ह्यातच बसतं. त्यामुळं आईंना मी एवढंच म्हटलं की दार उघडंच राहणार, त्याला आवडलं तर तो जाईल, आणि नाही आवडलं तर क्रेट भंगारात देऊ. मग त्यांनीच त्यांची एक जुनी वाकळ (गोधडी) काढून दिली आत घालायला.

क्रेट ऑनलाईन घडीचं मिळतं, पण आम्ही उद्यमनगरात करून घेतलं. कोल्हापुरात राहून लोखंडाची वस्तू बाहेरनं कशाला मागवायची. माप असं घ्यायचं: कुत्रं उभं असताना नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, त्यात दहाएक सेंटीमीटर मिळवायचे, आणि उंची कानाच्या टोकाच्या वर थोडी मोकळी. त्याला आत ताठ उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, आडवं पडता आलं पाहिजे. पिल्लू असेल तर मोठ्या मापाचं करून मध्ये पार्टिशन टाकायचं, कारण फार मोठी जागा असली की ते एका कोपऱ्यात शी-सू करून दुसऱ्या कोपऱ्यात झोपतं. गजातलं अंतर एवढं कमी पाहिजे की जबडा किंवा पंजा अडकणार नाही. वेल्डिंगचे टोचरे नीट घासून घ्यायला सांगा, स्वतः हात फिरवून बघा, कुत्रं तिथंच तोंड घासणार आहे. आणि आत ठेवताना गळ्यातला पट्टा काढायचाच, गजात अडकून फास बसू शकतो, यात हयगय नको.

ठेवायचं कुठं, तर हॉलमध्येच, आम्ही बसतो तिथं, भिंतीला लागून. गॅलरीत नको, पार्किंगमध्ये तर नकोच. एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन खिडकीतनं फिरत फिरत कुठं येतं ते बघून जागा ठरवा, कारण बंद क्रेटमधलं कुत्रं सावलीला सरकू शकत नाही. लाईट गेली की पंखा बंद होतो हेही लक्षात ठेवा.

पहिले बरेच दिवस आम्ही दाराला हातच लावला नाही. जेवण फक्त आत. ज्वारीची भाकरी कुस्करून, दही, मिठामसाल्याशिवाय उकडलेलं चिकन, आधी ताटली दाराशी, मग अर्ध्यात, मग पार मागच्या कोपऱ्यात. तो मान लांब करून, मागचे दोन पाय बाहेरच ठेवून खायचा, म्हणजे पळायची तयारी ठेवून. ते मागचे पाय कधी आत जातात तेच मी बघत होते. एक दिवस गेले, आणि खाऊन झाल्यावर तो बाहेर न येता वाकळेवर गोल गोल फिरून बसला, तेव्हा मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. मग खाताना दार नुसतं लोटायचं, संपायच्या आत उघडायचं. मग कडी, पण मी समोरच बसून भाजी निवडत. मग मी स्वयंपाकघरात. मग जिन्यात जाऊन परत. वेळ सरळ वाढवत नेऊ नका, कधी जास्त कधी एकदम कमी, म्हणजे त्याला दरवेळी अवघड होत चाललंय असं वाटत नाही.

आत रडलं तर काय, यावर लोकांची भांडणं होतात. मला पटलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं असं की थोडं कुंकूं करत असेल तर क्षणभर गप्प झाल्यावर दार उघडा. पण लाळ गाळतंय, गज चावतंय, अंग टाकून केकाटतंय, तर शिकवण वगैरे विसरा आणि लगेच उघडा, आपण घाई केली एवढाच त्याचा अर्थ, दोन पायऱ्या मागं या. रडून रडून थकलेलं कुत्रं शिकत नाही, ते फक्त थकतं.

ढबूच्या बाबतीत अर्धं काम क्रेटच्या बाहेर होतं. ह्यांची कर्रकर्र वाजणारी कोल्हापुरी आहे, ती पायात घातली की आवाजानंच ढबू थरथरायला लागायचा, कारण चप्पल वाजली म्हणजे हे निघाले. किल्ली, हेल्मेट, पर्सची चेन, सगळ्याचं तसंच. मग हे चप्पल घालून घरातच हिंडायचे, बसून चहा प्यायचे, पेपर वाचायचे, चप्पल काढून ठेवायचे. मी किल्ली उचलून परत खुंटीला लावायची. असं दिवसातनं कितीतरी वेळा, जोपर्यंत त्या आवाजाला काही अर्थच उरला नाही तोपर्यंत. बघणाऱ्याला वेड लागलंय असं वाटेल, पण माझ्या मते क्रेटपेक्षा याचा उपयोग जास्त झाला.

आणि सकाळचं फिरणं. रंकाळ्याला नेऊन नुसतं पळवायचं नाही, वास घेऊ द्यायचा. गवताच्या एका झुपक्याशी त्याला पाच मिनिटं नाक खुपसून थांबायचं असेल तर थांबू द्या, त्यात त्याचं डोकं दमतं आणि दमलेलं डोकं झोपतं. येताना गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरनं आलो की म्हशींचा वास घेत तो अर्धा तास लावतो. (दूध मात्र द्यायचं नाही, मोठ्या कुत्र्यांना बऱ्याचदा ते पचत नाही, त्यातनं म्हशीचं. दही चालतं.)

आम्ही निघताना क्रेटमध्ये पोकळ रबरी खेळणं देतो, त्यात भाकरी-दही, कधी उकडलेला लाल भोपळा दाबून भरून रात्रीच फ्रीजरमध्ये ठेवलेलं. ते चाटत बसतो आणि चाटता चाटता शांत होतो. शेजारचे काका म्हणाले, “मटणाचं हाड टाका की, सोफा सोडतंय का नाही बघा.” प्रेमानं म्हणाले, पण शिजवलेलं हाड कधीच देऊ नका, त्याचे टोकदार तुकडे पडतात, घशात नाहीतर आतड्यात घुसतात. तांबडा-पांढरा रस्सा तर लांबच ठेवा, कांदा-लसूण कुत्र्याला विषारी. फोम, चिंध्या, मोजे गिळले असतील आणि कुत्रं उलट्या करतंय, खात नाही असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, आतडं अडलेलं असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. म्हणूनच वाकळसुद्धा तो चावत नाही अशी खात्री झाल्यावरच आत एकटी सोडली.

किती वेळ ठेवायचं हे मात्र स्पष्ट सांगते. मोठ्या कुत्र्याला दिवसा सलग चार-पाच तासांच्या वर नाही. पिल्लाचं ढोबळ गणित म्हणजे वय जितके महिने त्यात एक मिळवा, जास्तीत जास्त तेवढे तास, आणि तेवढेही ताणू नका. दोघं नवराबायको सकाळी नऊला जाऊन संध्याकाळी सहाला येणार आणि मध्ये कोणी नाही, अशांनी क्रेट घेऊच नये असं माझं मत आहे. त्यापेक्षा एक खोली रिकामी करा, दाराला लहान मुलांचं असतं तसं गेट लावा, दुपारी कोणाला तरी यायला सांगा. आमच्याकडं आई गावाकडं गेल्या की मी जेवणाच्या सुट्टीत येते, जमत नसेल तर पलीकडच्या काकू त्याला खाली फिरवून आणतात.

काही कुत्र्यांना क्रेटनं भीती वाढतेच, कितीही हळू गेलं तरी. अशा वेळी हट्ट धरू नका. एकटेपणाच्या भीतीवर डॉक्टर औषध देतात, फ्लुओक्सेटिन, क्लोमिप्रामिन अशी, ती अमेरिकेत त्यासाठी मान्यता असलेली औषधं आहेत, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि सोबत हे सगळं शिकवणं चालूच ठेवावं लागतं. गोळी म्हणजे कुत्र्याला गुंगीत ठेवणं असं समजून लोक नाही म्हणतात, तसं नसतं. फक्त डोस डॉक्टरांनीच ठरवायचा.

दिवाळीच्या दिवसांत ढबूचं क्रेट आम्ही बंद करत नाही. फटाक्यांच्या आवाजानं बिथरलेलं कुत्रं कडी लावलेल्या क्रेटमध्ये स्वतःला जखमी करून घेतं, म्हणून दार दोरीनं मागं बांधून ठेवायचं, वरनं चादर टाकायची आणि घरात कोणीतरी थांबायचं. यंदा आई थांबणार म्हणाल्यात. कोणाला क्रेट करून घ्यायचं असेल तर कुत्र्याचं माप काढून ठेवा, उद्यमनगरात कुठं करून घेतलं ते सांगते.