मोंते मोरो खिंड: तस्करांच्या वाटेने सास खोऱ्यातून इटलीत

स्वित्झर्लंडच्या सास खोऱ्यातून इटलीतल्या माकुन्यागा गावी जाताना मोंते मोरो खिंड ओलांडावी लागते. उंची सुमारे २८५० मीटर. मातमार्क धरणापासून चढ साधारण साडेसहाशे मीटर, पलीकडचा उतार मात्र पंधराशेच्या वर. चढताना छाती फुलते ती तासाभरात बसते. खरा कस लागतो तो उतरताना गुडघ्यांचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर याच वाटांनी कॉफी आणि सिगारेटी इटलीत जात. तिथे तंबाखू सरकारी मक्तेदारीत होता आणि कॉफीवर जबर कर. स्विस बाजूला हा माल कायदेशीर निर्यात समजला जाई. गुन्हा व्हायचा तो सीमारेषा ओलांडल्यावर. माल पाठीवरून नेणाऱ्यांना इटालियनमध्ये ‘स्पाल्लोनी’ म्हणत. तागाच्या पोत्याला खांद्याचे पट्टे शिवलेले, आत तीसेक किलो वजन. पायांत पोत्याच्या, चिंध्यांच्या तळव्यांचे जोडे, म्हणजे दगडावर आवाज होत नाही. गस्त आडवी आली की पट्टे कापायचे, माल टाकायचा आणि सुटायचं. युद्धकाळात तर उलट्या दिशेने, इटलीतून तांदूळ यायचा.

मोसम जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. सास-आल्मागेल या स्विस गावाहून धरणापर्यंत उन्हाळ्यात बस जाते, पहिलीच पकडा. (३० ऑगस्ट १९६५ रोजी या धरणाचं बांधकाम चालू असताना आलालिन हिमनदीचा कडा कामगारांच्या वसाहतीवर कोसळला. ८८ माणसं गेली, निम्म्याहून अधिक इटालियन. जाताना क्षणभर थांबावं.) तलावाच्या काठाने तासभर रुंद, सपाट रस्ता. पुढे टेलिबोडनचं पठार आणि मग मोठाल्या शिळांवरून चढ; मध्येच जुनी फरसबंदी लागते. खुणा पांढऱ्या-लाल-पांढऱ्या. स्विस पाट्यांवरच्या वेळेत विश्रांती धरलेली नसते.

जुलैत वरच्या टप्प्यात बर्फाचे पट्टे असतात. सकाळी ते टणक असतात, म्हणून मायक्रोस्पाइक्स (बुटाखाली चढवायचे लोखंडी दाते) जवळ हवेत. जास्त धोका पट्ट्याच्या कडेला: खडक तापून खालचा बर्फ वितळतो, वर पातळ कवच उरतं आणि पाय मांडीपर्यंत आत जातो. खडकापासून हातभर दूर पाऊल टाका, आधी काठीने टोचून बघा.

अकराच्या आत खिंड गाठा. माकुन्यागाचं अंझास्का खोरं पो नदीच्या मैदानाच्या बाजूला उघडतं. तिकडची दमट हवा तापून वर चढते आणि दुपारपर्यंत खिंड ढगात जाते. मग शिळांच्या पसाऱ्यात पुढची खूण दिसत नाही. अशा वेळी एकाने खुणेपाशी उभं राहावं, दुसऱ्याने आवाजाच्या टप्प्यात राहून पुढची शोधावी. हवा स्वच्छ असेल तर मोंते रोझा पर्वताची पूर्व भिंत समोर येते, सुमारे २४०० मीटर उंच. त्या दर्शनासाठीच पहाटे उठायचं.

खिंडीखालचा इटालियन टप्पा कातळाचा आहे, आधाराला लोखंडी दोर आहेत. ओल्या शेवाळलेल्या दगडावर चांगला बूटही सटकतो, म्हणून तिथे काठ्या सॅकला बांधा आणि हात मोकळे ठेवा. थोडं खाली ओबेर्तो-मारोली निवारा आणि केबल कारचं स्थानक. ती त्या दिवशी चालू आहे का, हे आदल्या दिवशीच विचारा. चालत उतरायचं तर चार तास धरा: बुटाची नाडी घोट्याशी घट्ट, काठ्या पाच-दहा सेंटिमीटर लांब, पावलं आखूड. सह्याद्रीत नाळेतून (उभ्या, अरुंद घळीतून) उतरलेल्यांना हे तंत्र अंगवळणी असतं, पण इथे उतार संपता संपत नाही. बिल नावाच्या कुरणापाशी, साधारण १७०० मीटरवर, गुडघे बोलू लागले तर पाणी पिऊन दहा मिनिटं बसा. दोन लिटर पाणी लागतंच. खालच्या ओढ्यांवर गुरं चरतात, त्यांचं पाणी गाळून शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका. मदतीला स्विस बाजूला १४४, इटलीत ११२.

परतीला बसने इटलीतलं दोमोदोसोला आणि तिथून सिम्प्लॉन बोगद्यातून ट्रेनने स्वित्झर्लंडमधलं ब्रिग. दोन्ही देश शेंगेनमध्ये (आपसांतल्या सीमांवर पासपोर्ट नाके नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात) असल्याने खिंडीत नाका नाही, पण ट्रेनमध्ये तपासणी होते. भारतीय पासपोर्टवाल्यांनी मूळ पासपोर्ट आणि व्हिसा प्लॅस्टिकच्या पिशवीत सॅकमध्ये ठेवावा. मोबाइलमधला फोटो चालत नाही. स्वित्झर्लंड युरोपीय संघाच्या जकात संघात नाही, त्यामुळे परतताना सलामी वगैरे धरून माणशी एक किलोपेक्षा जास्त मांस आणलं तर जकात भरावी लागते.