सत्काराच्या यादीत कोण कोण?

रविवार, रात्री साडेदहा

आत्ताच कॉलनीच्या बैठकीवरून आलो. पुढच्या महिन्यातल्या गुणगौरव समारंभाची यादी ठरवायची होती. दहावी-बारावीची मुलं पाच मिनिटांत उरकली, गुणपत्रिका समोरच होत्या. पलीकडच्या गल्लीतली पोरगी यंदा फौजदाराची परीक्षा पास झालीय, तिचं नाव सगळ्यांनी एका आवाजात घेतलं. घ्यायलाच हवं. भर पावसात, पहाटे शंभर फुटी रोडवर तिला धावताना मी पाहिलंय. सांगलीत पावसाळा म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको.

मग मी म्हटलं, तिच्याबरोबर अभ्यासिकेच्या काकांनाही स्टेजवर बोलवूया. पोरांना सकाळचा निवांत वेळ मिळावा म्हणून ते रोज पहाटे पाचला येऊन कुलूप उघडतात, पंखे लावतात, माठात पाणी भरतात. परीक्षा जवळ आली की रात्री शेवटचा पोरगा उठेपर्यंत बसून राहतात. यावर एकजण म्हणाले, "अहो, पण त्यांनी केलं काय? कुलूपच उघडलं की."

ते वाक्य मला लागलं. मी तिथंच खाशाबांची गोष्ट काढली. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले आणि कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडहून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे आपल्याकडं पोराटोरांनाही ठाऊक असतं. पण जायला पैसे कुठून आले? गावानं वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. पदक मिळेल याची तेव्हा कुणालाच खात्री नव्हती. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावले आणि ते घर सोडवून दिलं. सरकारी अर्जुन पुरस्कार मिळायला २००० साल उजाडलं, खाशाबा जाऊन तेव्हा १६ वर्षं झाली होती. बैलगाड्या मात्र १९५२ सालीच जुंपल्या होत्या. ही आपल्या भागाची रीत आहे आणि ती मला फार मोठी वाटते.

बैठकीत जरा शांतता पसरली. मग कोपऱ्यातल्या मावशी म्हणाल्या, "आपल्या संकेतचं पण तसंच की." संकेत सरगर आमच्या सांगलीचा. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात त्यानं एकूण २४८ किलो वजन उचललं. क्लीन अँड जर्कच्या (वजन आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर घ्यायचं) दुसऱ्या प्रयत्नात कोपर दुखावला, तरी तो तिसऱ्यासाठी पुन्हा उभा राहिला. सुवर्ण एका किलोनं हुकलं, पण रौप्य आलं आणि त्या स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं पदक ठरलं. वडिलांची पानटपरी आणि चहाचा गाडा. त्या दिवशी सांगलीत जो-तो एकमेकांना फोन करत होता. तसंच आटपाडीकडच्या करगणीच्या सचिन खिलारीचं. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये एफ-४६ या हाताचं अपंगत्व असलेल्या खेळाडूंच्या गटात त्यानं १६.३२ मीटर गोळा फेकला आणि रौप्य घेतलं. आटपाडी म्हणजे दुष्काळी पट्टा, पाण्यासाठी पिढ्या झगडल्या. त्या मातीतला पोरगा पॅरिसमध्ये तिरंगा अंगावर घेऊन उभा होता, ते आठवलं की आजही उर भरून येतो.

चर्चा खेळांतच अडकायला लागली, म्हणून मी मिरजेचा विषय काढला. सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिरांकडं माझं येणं-जाणं आहे. गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा ते तानपुऱ्याची जवारी लावत होते, म्हणजे तार नीट घुमावी म्हणून ती जुळवत होते. घोडीवरून, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवरून, गेलेल्या तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवायचा, तार छेडायची, कान देऊन ऐकायचं, धागा केसभर पुढं घ्यायचा, परत छेडायची. मला दोन्ही वेळा आवाज सारखाच वाटला. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा धागा हलवला. मग अचानक त्या एकाच तारेतून असा झंकार उठला की दुकानात बोलत असलेले सगळे थांबले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात बातम्या आल्या. पण त्या बाकावर बसून आयुष्य काढलेल्या माणसाच्या खांद्यावर आपण कधी शाल घातली का? मोठमोठ्या गवयांच्या मैफिली ज्या सुरावर उभ्या राहतात, तो सूर इथं आपल्या शेजारी जुळवला जातो.

महापुराचंही निघालंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट. त्या दिवसांत आमच्या मागच्या गल्लीतली तीन-चार पोरं कुणाची तरी काहील घेऊन पाण्यात उतरली होती. गुऱ्हाळावर गूळ शिजवतात ती. त्यात म्हातारी माणसं बसवून त्यांनी बाहेर काढली. एका आजींना मात्र त्यांच्या शेळीशिवाय यायचं नव्हतं, तर शेळीही काढली. त्यातला एक आता रिक्षा चालवतो, एकजण मार्केट यार्डात हळदीची पोती उचलतो. त्यांचा सत्कार कुणी केला नाही आणि त्यांनी तो मागितलाही नाही. मला वाटतं, म्हणूनच तो आपण करायचा.

शेवटी अध्यक्षकाका म्हणाले, "ठरलं. पण भाषणं कमी करा, नाहीतर सत्कारमूर्ती कंटाळून निघून जातात." खरं आहे. प्रत्येक सत्काराला दोन मिनिटं, आणि त्यात त्या माणसानं नेमकं काय केलं तेवढंच सांगायचं. 'बहुमोल योगदान' वगैरे शब्द वापरायचे नाहीत, असं मी आग्रहानं मांडलं आणि ते मान्य झालं. पाहुण्यांच्या हारांना कात्री लावून त्या पैशांत अभ्यासिकेला एक नवं कपाट घ्यायचं ठरलं.

मानपत्रं लिहायचं काम माझ्याकडं आलंय. अभ्यासिकेच्या काकांचं आत्ताच लिहून काढलं, आठ ओळींत बसलं. मिरजेच्या कारागिरांना अजून विचारलेलं नाही, ते संध्याकाळचं दुकान सोडून येतील का हा प्रश्नच आहे. उद्या दुपारच्या बसनं जाऊन विचारतो. नाही म्हणाले तर आम्ही दहा-बाराजण शाल घेऊन सतारमेकर गल्लीतच जाऊ.