तुम्ही विचारलंत म्हणून: अक्षर लागतं का?

मला मोडी, म्हणजे मराठी लिहायची जुनी लिपी, येते हे कळल्यापासून नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत एक प्रश्न ठरलेला आहे: "तुमाले ते गुप्त लिपी उलगडता येते म्हणे?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो. मी उलगडत नाही. मी लावतो.

"याचं अक्षर लागत नाही बाई," असं घरातलं कुणी पत्र लांब धरून म्हणायचं ना? तेच हे लागणं. लिपी ठाऊक असते, भाषा आपलीच असते, लिहिणाऱ्याचा हात तेवढा अनोळखी. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवत जायची. बोरू शक्यतो उचलायचा नाही, दोन शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. त्यात इकार-उकाराला ऱ्हस्व-दीर्घ नाही.

शेजारच्या काकूंनी एकदा त्यांच्या आजेसासऱ्यांचं पत्र आणलं. मी बोट ठेवत वाचत होतो. ओळीच्या शेवटी आलं 'शेतनदिले'. मी मोठ्यानं म्हणालो, "शेत न दिले." काकू उसळल्याच, "कोणी नाही देल्लं? मोठ्या घरच्यायनं ना? मले माहीतच होतं!" त्यांनी दिराला फोनही लावला. तेवढ्यात माझं बोट खालच्या ओळीवर गेलं. तिथे होतं 'लागूनआहे'. शेत नदीले लागून आहे! आजोबा बोलायचे तसंच वऱ्हाडीत लिहून गेले होते. फोनवर काकूंनी मग तब्येत विचारली.

कचेरीत मागतात ते तिसरंच, लिप्यंतर: मोडीतला मजकूर शब्द न बदलता देवनागरीत उतरवायचा. तिथे काहीजण 'मोडीचं मराठी भाषांतर' मागतात. मराठीचं मराठीत भाषांतर काय करणार, कपाळ!

उलगडा म्हणजे अक्षर कशाचं हेच कुणाला माहीत नसताना केलेलं काम. जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकापुढे ब्राह्मी ही प्राचीन लिपी होती आणि ती वाचणारं कुणी उरलं नव्हतं. सांचीच्या दगडांवरचे छोटे छोटे लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात, हे त्याच्या ध्यानात आलं. देणगीदारांचे लेख असावेत, तर हा शब्द 'दानं' असणार, असा त्याचा तर्क. १८३७ साली तिथून वाट फुटली. आपल्याकडचं उदाहरण महानुभावांच्या सकळ लिपीचं. नागरी अक्षरांच्या जागी ठरवून दुसरी चिन्हं, म्हणजे पोथी परक्याच्या हाती पडली तरी बंदच. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी तिची किल्ली शोधली, आणि मठांत राहिलेलं जुनं मराठी गद्य बाहेरच्यांना वाचता येऊ लागलं. सिंधू लिपीचा मात्र सर्वमान्य उलगडा अजून झालेला नाही; दावे पुष्कळ.

तेव्हा माझं काम लावण्याचं. काकूंचं पत्र सगळं लागलं, एक जागा सोडून. नदीचं नाव जिथे असावं तिथे घडी पडून कागद विरलाय. काकू म्हणतात, कन्हान लिहून टाका. मी रिकामा कंस ठेवलाय.