रामबागेतला लॅपटॉप आणि भरलेलं बूट

इंदूरच्या रामबागेतल्या एका छापखान्याचा लॅपटॉप माझ्याकडे आला, तो ऐन तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर. पत्रिकांची डिझाइनं डेबियन या लिनक्स सिस्टीमवर, हिशेबाचं टॅली विंडोजवर, आणि दोन्ही बंद. आदल्या रात्री छापखान्याच्या काकांनी डेबियन 11 वरून 12 चं अपग्रेड लावलं होतं. सकाळी काळ्या पडद्यावर ओळ आली: ‘कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(0,0)’. सुरुवातीला सिस्टीम निवडायला देणाऱ्या ग्रबच्या मेन्यूतून विंडोजही गायब. जेल रोडवरच्या एका दुकानात "डिस्क उड गई, फॉर्मॅट करना पड़ेगा" असं सांगून त्यांची बोळवण झाली होती.

त्या ओळीतले कंसातले दोन शून्य नीट वाचायला हवेत. कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, लोड झालंय, पण त्याला एकही डिस्क दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. डिस्कचे ड्रायव्हर इनिटआरडी नावाच्या फाइलमधून येतात. ती फाइल नसली की धडधाकट डिस्कवरही हाच संदेश येतो.

आधी विंडोज जिवंत आहे का ते पाहिलं. मशीन सुरू करताना एफ12 दाबून (काही लॅपटॉपवर एफ9 किंवा एस्केप) लॅपटॉपच्या स्वतःच्या बूट मेन्यूतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडलं. विंडोज उघडलं, टॅलीही.

"म्हणजे हिशेब शाबूत आहेत?"

"आहेत, काका. डिझाइनंही असणार, जुन्या कर्नलवरून बघू. तोवर फॉर्मॅटचं नाव काढू नका."

ग्रबमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुनं 5.10 कर्नल निवडल्यावर डेबियन सरळ उघडलं. डिझाइनं जागेवर होती. मग डिस्कवरची जागा दाखवणारी ‘डीएफ -एच /बूट’ ही कमांड चालवली आणि सगळा उलगडा झाला: 250 एमबीचं वेगळं बूट पार्टिशन (कर्नल ठेवायचा डिस्कचा हिस्सा), 100 टक्के भरलेलं. त्यात तीन जुनी 5.10 कर्नलं. एकेक इनिटआरडी सहज 50 एमबीच्या वर जाते. नवं 6.1 कर्नल कसंबसं मावलं, त्याची इनिटआरडी लिहायला जागाच उरली नाही. अपग्रेडने ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ सांगितलंही होतं, पण त्या शेकडो ओळींत ते कोण वाचणार? ग्रबने मात्र इनिटआरडीविना नव्या कर्नलची नोंद करून टाकली, आणि मेन्यूत तीच सगळ्यात वर.

आता साफसफाई. ‘यूनेम -आर’ने चालू कर्नल कोणतं ते पक्कं केलं. तेवढं ठेवून बाकीची दोन जुनी ‘एपीटी पर्ज’ने काढली. बूटमधल्या फाइली नुसत्या ‘आरएम’ने पुसून उडवू नयेत. सिस्टीमकडच्या पॅकेजच्या (बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या) नोंदी तशाच राहतात आणि पुढचं अपडेट पुन्हा अडकतं. मग ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ने अर्धवट पॅकेजं पूर्ण केली, ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के’ला नव्या कर्नलचा नंबर देऊन फाइल बनवली आणि ती खरंच तयार झाली का, हे ‘एलएस -एलएच’ने पाहिलं. या तपासणीआधी रीबूट करायचं नाही, हा माझा हट्ट आहे.

विंडोज गायब होण्याचं कारण वेगळं होतं. ग्रब 2.06 पासून, म्हणजे 2021 नंतर, दुसरी सिस्टीम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. डेबियन 12 मध्येही तसंच. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’मध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ ही ओळ टाकली, ओएस-प्रोबर पॅकेज असल्याची खात्री केली आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवलं. ‘फाउंड विंडोज बूट मॅनेजर’ दिसलं.

विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअपही बंद केलं (कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स). ते चालू असलं की शटडाउननंतरही विंडोजचं पार्टिशन अर्धवट झोपलेलं राहतं आणि डेबियन त्यात लिहू शकत नाही. काका दोन्हीकडून फाइली हलवतात, त्यांना याचा रोज त्रास झाला असता.

उरला प्रश्न 250 एमबीचा. बूट पार्टिशन 1 जीबीचं असावं, असं माझं ठाम मत आहे. पण लग्नसराईच्या तोंडावर पार्टिशनं हलवण्याचा धोका घ्यावासा वाटला नाही. तात्पुरतं ‘/ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/इनिटरॅमएफएस.कॉन्फ’मध्ये ‘मॉड्यूल्स=मोस्ट’चं ‘मॉड्यूल्स=डेप’ केलं. त्याने फाइलीत फक्त याच मशीनला लागणारे ड्रायव्हर जातात आणि आकार बराच उतरतो. मात्र ही डिस्क दुसऱ्या लॅपटॉपला लावायची वेळ आली, तर आधी पुन्हा ‘मोस्ट’ करून फाइल नव्याने बनवावी लागेल, हे त्यांना कागदावर लिहून दिलंय.